तुम्ही विचारलंत म्हणून: टायरला औषध लावणारे सापडत का नाहीत?

मी ओहायोतल्या अ‍ॅक्रनला राहतो, रबरावर पोट भरतो आणि उन्हाळ्यातल्या बहुतेक शनिवारी रात्री अंगभर धूळ घेऊन घरी येतो. या तिन्ही गोष्टी ठाऊक असलेला माणूस भेटला की दहा मिनिटांत प्रश्न येतोच. मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत आलाय, "तुम्ही रबराचे केमिस्ट ना? मग ते मातीवरच्या शर्यतीत टायरला काहीबाही चोपडतात म्हणे, ते सापडत कसे नाहीत?" कोल्हापूरहून पुतण्याने फोनवर विचारलाय, "काका, मशीन न्हाई व्हय तुमच्याकडं?"

मशीन आहे. म्हणूनच उत्तर लांबतं.

आधी शर्यत कसली ते सांगतो. पाव किंवा अर्ध्या मैलाचा लंबगोल ट्रॅक, खाली डांबर नाही, चिकणमाती. गाड्या फक्त डावीकडे वळतात. 'लेट मॉडेल' म्हणतात त्या वरच्या वर्गातल्या गाडीत आठशेहून जास्त अश्वशक्ती असते आणि ती वळणावर शेपूट बाहेर टाकून आडवीच घसरत जाते. ओहायोतच रॉसबर्गजवळ एल्डोरा नावाचा 1954 सालचा अर्ध्या मैलाचा ट्रॅक आहे, या पंथाची पंढरीच म्हणा. दुपारी तीनला तिथे पोहोचलात तर पाण्याचे टँकर माती भिजवताना दिसतील, मागून रोलर. मला दर वेळी तालमीतला हौद आठवतो. तिथेही माती अशीच जपायची, ताक, लिंबू, हळद, तेल घालून. फरक एवढाच, की कुस्तीत अंगाला तेल चोपडलं की पकड सुटते, आणि इथे टायरला चोपडलं की पकड वाढते.

कशी वाढते? संध्याकाळी ओली, चिकट असलेली माती रात्री दहापर्यंत वाळून काळी, गुळगुळीत होते. अशा मातीवर मऊ रबर जास्त धरतं, पण लवकर झिजतं. म्हणून आयोजक कडकपणाची हद्द घालतात, बहुतेक ठिकाणी एकाच कंपनीचे ठरावीक टायर सक्तीचे करतात. (मातीवर हा मान सहसा हूसियरचा, शेजारच्या इंडियानातला.) टायरला खाचा पाडणं, बारीक चिरा देणं बहुतेक ठिकाणी चालतं. चाकू चालतो, बाटली चालत नाही. बाटलीत असतं रबरात मुरणारं द्रावण किंवा तेल. रबराच्या साखळ्या गंधकाने एकमेकींना बांधलेल्या असतात. हे द्रव्य त्या साखळ्यांच्या मधे शिरतं, त्यांना सैल करतं, आणि कडक टायर मऊ होऊन बसतो. गंधकाची ती गाठ चार्ल्स गुडइयरने 1839 मध्ये शोधली आणि आमच्या अ‍ॅक्रनने तिच्यावर गाव उभं केलं. त्या साखळ्या सैल करायला लोक गॅरेजमध्ये रात्री जागतात, याची मला व्यावसायिक गंमत वाटते. नुसती गंमतच नाही. यातल्या कित्येक बाटल्यांत टोल्युइन, झायलिनच्या जातीची द्रावणं असतात आणि ती बंद गॅरेजात, पोरंबाळं आजूबाजूला खेळत असताना, उघड्या हातांनी लावली जातात. टायरपेक्षा मला त्या पोरांच्या छातीची काळजी वाटते.

तर तपासणी. माझा स्वतःचा एक किस्सा सांगतो, म्हणजे मशीनवरचा तुमचा विश्वास थोडा कमी होईल.

काही वर्षांपूर्वी इथल्या एका छोट्या ट्रॅकवर मी हौसेने तपासनिसाच्या हाताखाली उभा राहायला लागलो. हातात ड्युरोमीटर. खिशातल्या घड्याळाएवढी तबकडी, खाली बोथट सुई. रबरावर टेकवायचा, सुई जितकी आत जाईल तितका आकडा कमी, म्हणजे रबर मऊ. त्या वर्गाची हद्द होती कमीत कमी 48. शर्यत संपली, पहिल्या आलेल्याची गाडी वजनकाट्यावरून सरळ आमच्यापुढे आली. मी उजव्या मागच्या टायरवर टेकवला, कारण सगळा भार तोच घेतो. 46. दुसऱ्या जागी 46. तिसऱ्या जागी 45. साहेबांना सांगितलं, साहेबांनी तिथल्या तिथे गाडी बाद केली, कर्ण्यावरून घोषणा झाली.

गाडीचा मालक पन्नाशीचा, दिवसा ट्रकचे ब्रेक दुरुस्त करणारा. तो भांडला नाही. टायरवर तळहात ठेवून मला म्हणाला, "हात लाव." लावला. चटका बसला. वीस फेऱ्या घसरून आलेला टायर तो. गरम रबर मऊच लागणार, हे मी विद्यार्थ्यांना शिकवलेलं आहे. तासाभराने, सगळे निघून गेल्यावर, मी परत टेकवला. 49. तोवर बक्षिसाचं पाकीट दुसऱ्याच्या खिशात गेलं होतं, आणि साहेब म्हणाले, "कर्ण्यावरून झालंय, आता मागे नाही."

उलट बाजूही पाहिली. काही हुशार मंडळी औषध बाहेरून लावतच नाहीत. टायरच्या पोटात ओततात आणि कोंबडी भाजायच्या सळईसारख्या फिरत्या यंत्रावर टायर तासन्‌तास फिरवत ठेवतात. औषध आतून मुरतं. वरून सुई टेकवली तर आकडा शहाण्या मुलासारखा हद्दीत. गो-कार्टवाल्यांत तर ही अख्खी कला आहे, कोणतं औषध, किती दिवस आधी, आतून की बाहेरून, यावर लोक लोणच्याच्या मसाल्यासारखे बोलतात.

मग खरं मशीन. वर्ल्ड ऑफ आउटलॉज, लुकास ऑइल यांच्यासारख्या मोठ्या मालिका शर्यतीनंतर टायरचा तुकडा कापून सीलबंद करतात आणि प्रयोगशाळेत पाठवतात. तिथे तो गरम करून त्यातून निघणाऱ्या वाफा वेगळ्या करतात. कागदावर डोंगररांग उमटते, प्रत्येक शिखर म्हणजे एक द्रव्य. शेजारी त्याच जातीच्या कोऱ्या टायरची रांग ठेवायची. इथे एक सुळका जास्त दिसला की चौकशी. माझ्या धंद्यातली ही भरवशाची चाचणी आहे.

पण ही चाचणी सांगते की टायर कोऱ्यासारखा नाही. तो कोणी तसा केला, हे तिला कुठून कळणार? मग सुरू होतं, पुढच्या गाडीचं इंजिन फुटलं, तेल ट्रॅकवर सांडलं, ते माझ्या टायरने उचललं. किंवा तुम्ही ताडून पाहिलेला कोरा टायर वेगळ्या घाण्याचा होता. यातलं काही खरंही असतं. म्हणून बऱ्याच नियमावल्यांत सरळ लिहून टाकलंय, टायर तुझा, जबाबदारी तुझी, कसं आलं ते विचारणार नाही. कठोर आहे, पण दुसरा रस्ता मला तरी दिसत नाही. निकाल मात्र टपालाने येतो. त्या रात्री टाळ्या वाजवून गेलेल्यांना चार आठवड्यांनी कोण सांगणार?

एवढं ऐकून पुतण्या म्हणाला, मग सगळ्याच ट्रॅकवर नमुने कापा की.

इथे रसायनशास्त्र संपतं. छोट्या ट्रॅकला दोन दारं असतात. पुढच्या दारातून प्रेक्षक येतात, मागच्या दारातून गाड्या आणि त्यांचे मेकॅनिक, भाऊ, मेहुणे, प्रत्येक जण पास विकत घेऊन. कित्येक ट्रॅकचं पोट मागच्या दारावरच भरतं. आता विचार करा, मालकाने एका वर्गातल्या वीसपैकी पाच जणांना बाद केलं, तर पुढच्या शनिवारी ते पाच जण आपली पलटण घेऊन चाळीस मैलांवरच्या दुसऱ्या ट्रॅकवर जाणार. जिथे जिंकणाऱ्याला काहीशे डॉलर मिळतात, तिथे दर आठवड्याला प्रयोगशाळेचं बिल कोण भरणार? आणि तपासनीस कोण, तर गावातलाच. ज्याला बाद करायचं त्याच्याच गॅरेजात स्वतःची गाडी टाकणारा. नॅस्कर या अमेरिकेतल्या बड्या मोटारशर्यतींच्या संस्थेचं वेगळं. 2015 मध्ये टायरला बारीक भोकं पाडून हवा हळूहळू सोडल्याबद्दल त्यांनी एका संघाच्या क्रू-चीफला, म्हणजे मेकॅनिकांच्या म्होरक्याला, सहा शर्यती घरी बसवलं. तिथे पगारी माणसं आहेत, वकील आहेत, आणि निघून जायला दुसरा ट्रॅक नाही.

म्हणून मला मशीनपेक्षा जुने, थोडे चावट नियम आवडतात. आयएमसीए नावाची 1915 पासूनची मोटारशर्यतींची संस्था आहे. तिने 1979 मध्ये 'मॉडिफाइड' गाड्यांचा स्वस्त वर्ग काढला आणि नियम केला, की जिंकणाऱ्याचं इंजिन ठरलेल्या किमतीत हरलेला मागून घेऊ शकतो. गुपचूप महागडं इंजिन बसवलंस? बसव, पण आज रात्री ते शेजाऱ्याच्या ट्रॉलीवर चढेल. यात ना प्रयोगशाळा, ना चौकशी. टायरच्या बाबतीतही काही ठिकाणी असंच करतात. टायर शर्यतीच्या दिवशीच दारात वाटायचे आणि संपल्यावर काढून घ्यायचे, किंवा तपासनीस म्हणेल तेव्हा तुझा टायर दुसऱ्या स्पर्धकाला, त्याचा तुला. रात्रभर सळईवर फिरवलेला टायर शत्रूच्या गाडीला लागणार असेल, तर फिरवणाऱ्याचा हात आपोआप आखडतो.

आमच्या त्या ट्रॅकवर यातलं काहीच आलेलं नाही. ड्युरोमीटर आहे, आणि मी आहे. तो ब्रेकवालाही आहे. त्या प्रकाराच्या पुढच्याच शनिवारी मी मान खाली घालून तपासणीच्या कोपऱ्यात उभा होतो. तो तिसरा आला. गाडी काट्यावरून उतरवली, हेल्मेट काढलं, आणि सीटखालून प्लॅस्टिकची एक वस्तू काढून माझ्या हातात दिली. इन्फ्रारेड थर्मामीटर, पिस्तुलासारखा, किमतीची चिठ्ठी अजून चिकटलेली.

"आधी हे," म्हणाला, "मग तुझं ते घड्याळ."

मी टायरवर रोखला. साहेब मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते. मी म्हटलं, चाळीस मिनिटं थांबावं लागेल. त्याने टायरशेजारी उलटी बादली ठेवली आणि तिच्यावर बसून सँडविच सोडलं.