ब्राँझचा कळंक आणि सिस्टीन: कुपी विकत घेण्याआधी लेबल वाचा

पितळेच्या भांड्यात दही ठेवलं की कळकतं, हे घरोघरी ठाऊक आहे. तरीही जुन्या ब्राँझच्या मूर्तीवर हिरवे ठिपके दिसले की अनेकजण चिंच-मीठ घेऊन बसतात, कारण ते ‘नैसर्गिक’. कृपा करून हे करू नका. चिंचेचं आम्ल शतकानुशतकांचा पॅटिना, म्हणजे धातूवर काळाने चढलेला थर, खरवडून काढतं. मीठ तर त्याहून घातक, कारण त्यात क्लोराइड असतं.

जमिनीत पुरलेल्या ब्राँझमध्ये धातूला लागून क्यूप्रस क्लोराइडचा (तांबं आणि क्लोराइड यांच्या संयुगाचा) मेणचट, राखाडी थर बऱ्याचदा दडलेला असतो. आर्द्रता साधारण 42 ते 46 टक्क्यांच्या वर गेली की हवा आणि ओलावा मिळून त्याची फिकट हिरवी भुकटी करतात आणि सोबत हायड्रोक्लोरिक आम्लही सुटतं. ते आम्ल आतलं तांबं खातं, पुन्हा क्लोराइड तयार होतं, की चक्र परत सुरू. हाच ‘ब्राँझ डिसीज’. चांगला पॅटिना टणक असतो, बांबूच्या काडीने निघत नाही. रोगाची भुकटी पिठासारखी झडते आणि खाली खड्डा उघडा पडतो.

यावर अनेक दशकं बेंझोट्रायझोल हे गंजरोधक रसायन वापरलं जातंय: इथेनॉलमध्ये 3 टक्के, 24 तास. गुण येतो. पण त्याने कर्करोग होण्याचा संशय आहे, ते जलचरांना अपायकारक आहे आणि वापरलेलं द्रावण मोरीत ओतता येत नाही. म्हणून पर्यायांचा शोध सुरू झाला. त्यांत आमच्या मते सर्वांत भरवशाचं म्हणजे एल-सिस्टीन हे अमिनो आम्ल. त्यातलं गंधक तांब्याला घट्ट धरतं.

प्रमाण 0.15 मोलर, म्हणजे एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात 18.2 ग्रॅम. इथेच सर्वांत मोठी चूक होते. बाजारात सहज मिळतं ते बहुधा सिस्टीन हायड्रोक्लोराइड. ते स्वस्त आहे, विरघळतंही पटकन, पण त्यात क्लोराइड आहे आणि द्रावण चांगलंच आम्लधर्मी होतं. म्हणजे ज्याला हाकलायचं तेच आपण हाताने आत सोडतो. लेबलवर ‘फ्री बेस’ (म्हणजे हायड्रोक्लोराइड नसलेलं) लिहिलेलं असेल तरच घ्या.

आधी भिंगाखाली सुई किंवा स्काल्पेलने भुकटी काढा. मग अ‍ॅसिटोनने तेलकटपणा घालवून वस्तू पूर्ण सुकवा. द्रावण त्याच दिवशी करा. उघडं ठेवलं तर हवेने सिस्टीनचं (cysteine) सिस्टिन (cystine) होतं आणि ते पांढरा गाळ बनून तळाशी बसतं. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात चाचणी घ्या, कारण पृष्ठभागावर फिकट राखाडी थर बसू शकतो. चांदीची जडण असेल तर अधिक जपा, गंधक चांदीलाही चिकटतं. एरवी 24 तास बुडवून ठेवा, डिस्टिल्ड पाण्याने धुवा, इथेनॉलने पाणी काढा, सुकवा. नंतर वस्तू एक दिवस दमट पेटीत ठेवून पाहा. पुन्हा हिरवे ठिपके उमटले तर क्लोराइड शिल्लक आहे, सगळं परत करावं लागेल. ठिपके नसतील तर वस्तू पुन्हा नीट सुकवून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या.

चहा, डाळिंबाची साल, कडुनिंब यांच्या अर्कांवर गंजरोधक म्हणून बरंच लिहिलं जातं. यांतल्या पुष्कळ चाचण्या घासून लख्ख केलेल्या नव्या धातूवर होतात, जुन्या, सच्छिद्र, क्षारांनी भरलेल्या थरावर नाही. शिवाय प्रत्येक खेपेच्या अर्काचं घटकप्रमाण वेगळं. टॅनिनने रंग काळपट होतो, उरलेल्या साखरेवर बुरशी धरते. संग्रहातल्या वस्तूवर हे प्रयोग नकोत. मात्र एक बुरशी खरोखर उपयोगाची ठरतेय: ब्यूव्हेरिया बॅसिआना. ती तांब्याच्या क्षारांचं रूपांतर न विरघळणाऱ्या कॉपर ऑक्झलेटमध्ये करते. स्वित्झर्लंडमधल्या न्यूशाटेल विद्यापीठात त्यावर काम झालं आहे.

आणि कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात कोणताही रोधक एकटा पुरत नाही. सुकवलेली सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात आर्द्रता 40 टक्क्यांखाली ठेवा, आत छोटा आर्द्रतामापक ठेवा. सागवानी किंवा प्लायवूडचं कपाट टाळा. लाकडातून सुटणारी सेंद्रिय आम्लं शिसं खातात, आणि जुन्या ब्राँझमध्ये शिसं बऱ्याचदा असतंच.