मोडीचा दहावा महिना : ‘दोनशे रतेल’ आणि एक सुटलेली तारीख

ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी मी एका कागदात ‘दोनशे रतेल’ असं वाचलं आणि पाऊण तास त्या रतेलाच्या मागे लागले. रत्तल हे जुनं वजन माहीत होतं, म्हणून वाटलं त्याचंच एखादं रूप असेल. शब्दकोश उघडला, फारसी शब्दांची यादी चाळली, वहीत तीन तर्क लिहिले. आमच्या मोडीच्या वर्गातल्या वयाने सगळ्यात मोठ्या काकांनी पानावर नुसती नजर टाकली आणि म्हणाले, “ताई, आधी शेर मोजा.” दोन शेर तेल! मोडी या जुन्या मराठी लिपीत शब्द तोडून लिहीत नाहीत, हे पहिल्या दिवसापासून घोकलेलं. तरी ‘दोनशे’ दिसल्याबरोबर डोळा तिथे थांबला आणि उरलेला ‘र’ पुढच्या शब्दाला चिकटला.

ही नोंद गेल्या तीन महिन्यांची आहे. आधीची नोंद मे महिन्यातली. तेव्हा बाराखडी हातात बसली होती, वर्गात दिलेले सोपे धडे वाचता येत होते आणि खरा कागद समोर आला की सगळं विरघळून जायचं. आता पेशवेकालीन वळणाचं अठरा ओळींचं पान पन्नासेक मिनिटांत वाचून होतं, दहा-बारा शब्द अडतात. फेब्रुवारीत अशाच पानाला तीन संध्याकाळी लागल्या होत्या. वाचनाचा वेग खरंच वाढलाय. लिहिण्याचा हात मात्र अजून मुलासारखा आहे, त्याबद्दल पुढे.

आधी वेळेचं सांगते, कारण तुमच्यातले बरेच जण नोकरी-धंदा सांभाळून हे करता. मी स्वयंविकासाची पुस्तकं लिहिते, मराठीतच. या पावसाळ्यात नव्या पुस्तकाची प्रुफं आली, आधीच्या पुस्तकाचं ऑडिओ रेकॉर्डिंग चार दिवस चाललं, पिंपरी आणि चाकणच्या कंपन्यांत सत्रं होती आणि वाचकांची पत्रं होतीच. वाचकांच्या पत्रांना मी स्वतः उत्तर देते, ते काम कुणाला सोपवावंसं वाटत नाही. या सगळ्यात मोडीसाठी राहिली ती सकाळची सहा ते पावणेसात ही वेळ. खिडकीपाशी टेबल, समोरच्या वाड्याच्या पत्र्यावर पाऊस, खाली दूधवाल्याच्या कॅनचा आवाज, बाजूला आल्याचा चहा. दिवसभर मी लोकांशी बोलते, लोकांसाठी वाक्यं जुळवते. ही पंचेचाळीस मिनिटं मी दुसऱ्या कुणाचं वाक्य अक्षर-अक्षर करून ऐकते. पुण्यातल्या माझ्या दिवसातला हा सगळ्यात आवडता तुकडा आहे.

आता तारखेचं, कारण या तीन महिन्यांतली खरी कमाई तीच.

पेशवेकालीन कागदांवर वर्ष बहुतेकदा अरबी संख्याशब्दांत येतं. शुहूर सन. पहिल्यांदा ‘सीत सबैन मया व अलफ’ वाचलं तेव्हा ते एखाद्या माणसाचं नाव वाटलं होतं. पण कोष्टक पाठ केलं की कुलूप उघडतं. अहिदे एक, इसन्ने दोन, सलास तीन, अर्बा चार, खमस पाच, सीत सहा, सबा सात, समान आठ, तिसा नऊ. मग दहांचे : अशर दहा, अशरीन वीस, सलासीन तीस, अर्बैन चाळीस, खमसैन पन्नास, सितैन साठ, सबैन सत्तर, समानीन ऐंशी, तिसैन नव्वद. मया शंभर, मयातैन दोनशे, अलफ हजार. एकक आधी, मग दशक, मग शतक, शेवटी हजार. म्हणजे सीत सबैन मया व अलफ हे ६ + ७० + १०० + १००० = ११७६. यात ५९९ मिळवायचे : १७७५. हे वर्ष मृग नक्षत्राला सुरू होतं, म्हणूनच त्याला मृगसाल म्हणतात. त्यामुळे जानेवारी ते मृगापर्यंतचा कागद असेल तर ५९९ ऐवजी ६०० मिळवायचे. मी सुरुवातीला हा शेवटचा भाग विसरायचे आणि माझे निम्मे कागद एका वर्षाने मागे जायचे.

माझ्या कागदावर पुढे होतं ‘छ ९ जमादिलाखर’. ‘छ’ म्हणजे चंद्र, त्या चांद्र महिन्याची तारीख. हिजरी महिना मिळवून पाहिला तर १७७५ चा ऑगस्ट निघाला. मी कागद वाचत होते तीही ऑगस्टचीच सकाळ होती. सवाई माधवराव तेव्हा सव्वा वर्षाचे, कारभार बारभाईंच्या हाती, आणि कुठल्याशा गावी कुणीतरी विहिरीच्या दुरुस्तीसाठी चुना, गूळ आणि दोन शेर तेल किती लागलं याची नोंद करत होता. चुन्यात गूळ का, हे आमच्या वर्गातल्या एका निवृत्त अभियंत्यांनी समजावलं : जुन्या बांधकामात चुना चिवट व्हावा म्हणून गुळाचं पाणी घालत. ज्याला बांधकाम कळतं त्याला अक्षर लवकर लागतं, हे त्या दिवशी पक्कं झालं. तो शब्द मला ‘गुण’ वाटला होता. त्यांना तो गूळच असणार हे ठाऊक होतं.

म्हणून अभ्यासाच्या पद्धतीत मी एक मोठा बदल केला. आधी मी मोडीच्या कागदावर थेट तुटून पडायचे. आता आठवड्यातले दोन दिवस मोडी वाचतच नाही. त्या काळची पत्रं बालबोधात, म्हणजे देवनागरीत छापलेली वाचते. इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी पेशवे दफ्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात निघाले, त्यातलाच एखादा घेऊन बसते. ‘कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती उपरी’, ‘विज्ञापना ऐसीजे’, ‘बहुत काय लिहिणे’ हे सगळं कानात बसलं की मोडीत त्याची पहिली दोन अक्षरं दिसताच उरलेलं आपोआप वाचलं जातं. आणि मायना आपल्याला पाठ असला की तोच त्या लेखकाची बाराखडी होतो : त्याचा ‘न’ कसा, त्याचा ‘स’ कसा, ‘र’ तो कुठे वर चढवतो, हे सगळं पहिल्या दोन ओळींत मिळतं. मग आतल्या अनोळखी मजकुराला हात घालायचा. ही गोष्ट मला दुसऱ्या महिन्यात कुणी सांगितली असती तर किती बरं झालं असतं, म्हणून इथे ठळक सांगते.

‘र’ मात्र अजून छळतो. त्याची रूपं अनेक, आणि शेजारच्या अक्षरात तो असा मिसळतो की नुसतं वळण उरतं. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मोडीत नाही, त्यामुळे ‘सूत आणिले’ की ‘सुत आणिले’ हे संदर्भाने ठरवायचं. तेही सवयीने जमतं. ‘र’ला सवय पुरत नाही, त्याला प्रत्येक हस्ताक्षरात नव्याने भेटावं लागतं.

यासाठी मी चुकांची वही ठेवते. किती मिनिटं बसले, सलग किती दिवस झाले, हे लिहिणं एप्रिलमध्ये बंद केलं. आता फक्त एवढंच लिहिते : काय वाचलं, खरं काय होतं, का चुकलं. डावीकडे ‘दोनशे रतेल’, उजवीकडे ‘दोन शेर तेल’, खाली ‘आकडा दिसताच थांबले’. महिन्याअखेरीस पानं उलटली की कुठल्या अक्षरावर आणि कुठल्या घाईवर काम करायचं हे स्पष्ट दिसतं. जुलैच्या चुका बहुतेक अक्षरांच्या होत्या, ऑगस्टच्या बहुतेक शब्द तोडण्याच्या. माझ्या मते खरी प्रगती हीच आहे, की चुका पुढच्या इयत्तेत गेल्या.

या वहीचा परिणाम माझ्या पुस्तकावरही झाला. प्रुफांत सवयींवरचं एक प्रकरण होतं आणि त्यात एकवीस दिवसांचा तक्ता. मी तो काढला. एकवीस दिवसांत सवय लागते याला भक्कम आधार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसागणिक तो आकडा १८ पासून २५४ पर्यंत गेला. हे मला आधीही ठाऊक होतं, पण तक्ता वाचकांना आवडतो म्हणून ठेवला होता. दहा महिने मोडीशी झटल्यावर तो ठेवणं जिवावर आलं. त्या जागी आता चुकांच्या वहीचं पान आहे.

साहित्याबद्दल. वर्गातल्या एकांनी नदीकाठचे बोरू आणून दिले. वाळवून, तिरकी काप देऊन, टोकाला बारीक चीर पाडून पाहिली. पहिले चार वाया गेले, पाचवा चालला. शाई काजळी आणि बाभळीच्या डिंकाची केली. डिंक जास्त पडला की शाई बोरूवरून उतरतच नाही, कमी पडला की वाळल्यावर बोटाला लागते. कागद शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून आणते. १९४० सालची ही संस्था, तिथे कागदाच्या रांगांसमोर मी अर्धा तास सहज घालवते. पण तो खरखरीत कागद बोरूचं टोक खातो. जुन्या काळी कागद घोटून गुळगुळीत करत, तेच मी एका मोठ्या कवडीने करून पाहिलं. हात दुखला, पण बोरू पहिल्यांदा सरकन पळाला. मोडीत आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं टांगायची, हात न उचलता. घोटलेल्या कागदावर ते का जमतं आणि वहीच्या कागदावर का अडतं, हे हातालाच कळतं. माझी वळणं अजून कोनदार येतात. वर्षभर तरी लागेल असं धरून चालले आहे.

एक गोष्ट सावधगिरीची. कागदाची झेरॉक्स घेताना एका दुकानात शाई हलकी उमटली आणि बारीक रेघा उडाल्या. हिशेबात आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. माझ्या प्रतीत तिसरी रेघ गेली आणि पावणेदोन खंडी चुन्याचा दीड खंडी झाला. वीस मणांची खंडी, म्हणजे पाच मण चुना झेरॉक्सच्या यंत्रात राहिला! बेरीज जुळेना म्हणून दोन दिवस मी स्वतःलाच दोष देत होते. मूळ स्कॅन मोठा करून पाहिला तेव्हा रेघ सापडली. शक्यतो स्कॅनवरूनच वाचा.

रविवारचा वर्ग संपला की आम्ही चौघं-पाच जण सदाशिव पेठेतून चालत निघतो, इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी १९१० साली उभ्या केलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळावरून. कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात थांबायचं, वेलची-आल्याचा चहा, पावसात भिजलेल्या छत्र्या भिंतीला टेकवलेल्या, आणि अडलेला शब्द हातोहात फिरणारा. अर्धे शब्द तिथेच सुटतात. मग मी एकटी मंडईत जाते. पावसाळ्यात तिथे कर्टोली असतात, अळूच्या जुड्या असतात, आणि एक मावशी मला अजून ‘आदपाव’ मिरच्या देते. कागदात शेर-मण वाचून आल्यावर तो शब्द ऐकायला फार गोड लागतो. परतताना आप्पा बळवंत चौकातून एखादी वही घेतल्याशिवाय पाय निघत नाही.

मंडईच्या स्टेशनातून पिंपरीला जाणारी मेट्रोही माझ्या अभ्यासाला लागली आहे. सत्राला जाताना मिळणारा तेवढा वेळ मी पत्त्यांएवढ्या पुठ्ठ्यांवर जोडाक्षरं घेऊन बसते. एकदा शेजारच्या मुलीने विचारलं, “काकू, ही कुठली भाषा?” म्हटलं, मराठीच आहे. तिने तिचं नाव लिहून मागितलं. मी पुठ्ठ्यामागे लिहून दिलं. नावात ‘र’ होता, आणि तो त्या दिवशी बरा आला.

पुढच्या तीन महिन्यांचं ठरलंय. गणपतीनंतर वर्गात शिवकालीन वळण सुरू होईल. ते पेशवेकालीनापेक्षा वेगळं असतं असं ऐकलंय, अजून एकही पान मन लावून पाहिलेलं नाही. बोरूच्या कापाचा कोन मात्र मला जमत नाहीये : जाड-बारीक रेघेचा फरक हवा तेवढा उमटत नाही. कुणी डावीकडे जास्त तिरपी काप देऊन पाहिली असेल तर टोकाचा जवळून काढलेला फोटो हवा आहे. आणि विहिरीच्या त्या कागदात तळाशी पैवस्तीच्या, म्हणजे कागद पोचल्याच्या नोंदीच्या ओळीपुढे तीन अक्षरांचा एक शब्द अजून बंद आहे, मधलं अक्षर ‘र’ असावं.