एक सेल, एक बल्ब, एक तार

टॉर्चचा छोटा बल्ब, दीड व्होल्टचा सेल आणि दोन्ही टोकं सोललेली एकच तार. एवढंच समोर ठेवून नऊ-दहा वर्षांच्या मुलांना ‘पेटवा’ म्हटलं, की सुरुवातीला बहुतेक सगळी एकच गोष्ट करतात. तारेचं एक टोक सेलच्या वरच्या टोकाला लावतात, दुसरं बल्बच्या बुडाला. बल्ब ढिम्म. मग सेल बदलून मागतात. तोही पेटवत नाही म्हटल्यावर ‘बल्बच खराब आहे’ असा निकाल देतात.

आमच्या शाळेत पालकांसाठी ‘ओपन क्लास’ ठेवला जातो. आपापल्या मुलाच्या वर्गात येऊन बसायचं, शिकवणं कसं चालतं ते बघायचं. आंतरराष्ट्रीय शाळा असल्यामुळे पालक निरनिराळ्या देशांतले असतात, पण एक तक्रार सगळ्या भाषांत सारखीच ऐकू येते: मुलं दिवसभर काहीतरी करत असतात हे दिसतं, ती शिकतात कधी? तक्रार मला अगदीच खोटी वाटत नाही. थर्माकोलचे गोळे रंगवून ग्रहमाला केली म्हणजे मुलाला ग्रहमाला कळली, असं नसतं. तयार किट येतात त्यांतही ‘चित्रात दाखवल्याप्रमाणे जोडा’ असं लिहिलेलं असतं. मूल जोडतं, बल्ब पेटतो, टाळ्या होतात. हात चालले, डोकं निवांत होतं.

आयबीचा (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या संस्थेचा) पीवायपी, म्हणजे प्राथमिक वर्गांचा आमचा अभ्यासक्रम, १९९७ पासूनचा. त्यातल्या सहा मोठ्या विषयसूत्रांपैकी ‘जग कसं चालतं’ या सूत्राखाली आमचा विजेचा घटक चालू होता. ओपन क्लास नेमका त्याच आठवड्यात आला. पालकांना मागच्या खुर्च्यांवर बसवायचं आणि मुलांकडून प्रयोगाचं छान प्रदर्शन करून घ्यायचं, ही नेहमीची रीत मला मोडायची होती. मुलांनी आदल्या तासांत बल्ब पेटवून झाला होता. म्हणून ठरवलं, की या वेळी पालकांनी पेटवायचा.

तयारीबद्दल थोडं सांगते, कारण खरं काम तिथेच असतं. बल्बचे होल्डर मी मुद्दाम कपाटात ठेवले. होल्डरला दोन स्क्रू असतात, म्हणजे दोन तारा लागणार हे तो आधीच सांगून टाकतो. होल्डर दिला की अर्धा धडा होल्डरच शिकतो, मुलाच्या वाट्याला काही उरत नाही. एलईडीही टाळले. एका दीड व्होल्टच्या सेलवर ते सहसा पेटत नाहीत, शिवाय उलटसुलट लावण्याची वेगळीच भानगड. फिलामेंटचे बल्ब हल्ली शोधावे लागतात, पण या कामाला तेच हवेत. सेल साधे, रिचार्जचे नाहीत. तार चुकून सेलच्या दोन्ही टोकांना थेट लागली तर ती तापते, आणि रिचार्जच्या सेलमध्ये ते प्रकरण जास्त भडकतं. हे मात्र मी मुलांना शोधायला लावत नाही, सरळ सांगते: तार गरम लागली की लगेच सोडा. सगळंच मुलांनी शोधून काढावं, अशा मताची मी नाही.

पालक आले. प्रत्येकापुढे एक ट्रे आणि एक कोरा कागद. वस्तूंना हात लावण्याआधी पेनाने चित्र काढायचं: बल्ब पेटायला काय कुठे जोडाल? पेन्सिल नाही, खोडरबर नाही. मुलांना हा नियम पाठ होता, त्यामुळे आईवडिलांना तो सांगताना त्यांना भलताच चेव आला होता. मुलांना एकच बंधन घातलं: उत्तर सांगायचं नाही, फक्त प्रश्न विचारायचे. घरच्या भाषेत बोला म्हटल्यावर वर्गात एकदम बाजार भरल्यासारखा कलकलाट सुरू झाला.

अंदाज आधी का लिहून घ्यायचा, यावर एका पालकांनी मला तिथेच अडवलं. ‘प्रयोग करून बघितला की कळेलच की.’ मी त्यांना हार्वर्डमधल्या एरिक माझूर आणि सहकाऱ्यांनी २००४ साली छापलेल्या अभ्यासाबद्दल सांगितलं. भौतिकशास्त्राच्या वर्गात प्रयोग नुसता बघणाऱ्या विद्यार्थ्यांची समज, तो प्रयोग न बघितलेल्यांपेक्षा फारशी वेगळी निघाली नाही. काय होईल याचा अंदाज आधी नोंदवणाऱ्यांची मात्र वाढली. तेही विद्यापीठातले विद्यार्थी. आपण चुकलो हे कळायला आधी काहीतरी ठाम म्हटलेलं असावं लागतं, नाहीतर मन बेमालूम म्हणतं, ‘मला हेच वाटलं होतं.’

तर पहिल्या फेरीत बहुतेक पालकांनी काढलेली चित्रं मुलांच्या पहिल्या चित्रांसारखीच निघाली. एकच तार, सेलपासून बल्बपर्यंत. दिवसभर यंत्रांशी काम असलेले एक गृहस्थ होते, त्यांनीही तेच काढलं. यात नवल नाही. घरातल्या दिव्याला बाहेरून दिसणारी वायर एकच असते, आत दोन तारा असतात ते कुणी बघतं? मुलांच्या डोक्यातली ही एका तारेची कल्पना न्यूझीलंडच्या रॉजर ऑस्बर्न यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच टिपून ठेवली आहे. दोन्ही टोकांकडून करंट येऊन बल्बमध्ये आपटतो, ही दुसरी. बल्ब थोडा करंट खातो आणि उरलेला परत जातो, ही तिसरी. वर्गात दरवर्षी तिन्ही भेटतात.

त्या गृहस्थांचा मुलगा शेजारी उभा होता. वडील तार इकडून तिकडून लावत होते, कपाळावर आठी. मुलाला उत्तर सांगण्याची इतकी घाई झाली होती, की त्याने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. मग हात काढून विचारलं, ‘बाबा, करंट बल्बमध्ये शिरला. आता बाहेर कुठून पडणार?’

वडिलांनी बल्ब उचलून उजेडाकडे धरला. मी भिंग पुढे केलं. काचेच्या आत दोन बारीक उभ्या तारा असतात, त्यांच्यामध्ये फिलामेंट ताणलेलं. एक तार खाली बुडाच्या टिपक्याला पोचते, दुसरी कडेच्या धातूच्या टोपीला. टोपीच्या काठावर तार जोडताना दिलेल्या डागाचा, म्हणजे सोल्डरचा, छोटा ठिपका असतो, तो त्यांना दिसला. ‘अच्छा, हा बाहेरचा रस्ता,’ असं स्वतःशीच पुटपुटत त्यांनी बल्बचं बूड थेट सेलच्या वरच्या टोकावर टेकवलं, तारेचं एक टोक टोपीच्या कडेला, दुसरं सेलच्या तळाला. पेटला. मुलगा लगेच म्हणाला, ‘आणखी तीन प्रकारे पेटतो.’ वडिलांनी तिन्ही शोधले, आणि तेवढ्या वेळात बाकी वर्गाकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

इथवर सगळं मला अपेक्षित होतं. त्या दिवसाची खरी गोष्ट पुढे घडली.

करंट वर्तुळात फिरतो हे दाखवायला आम्ही दोरी वापरतो. लांब गुळगुळीत सुती दोरीची दोन टोकं बांधून मोठा फास करायचा. सगळ्यांनी गोल उभं राहायचं आणि बोटांच्या कड्यातून दोरी सैल जाऊ द्यायची. एकाने एका हाताने ओढायची आणि दुसऱ्या हाताने पुढे सोडायची, तो सेल. समोरच्या कुणीतरी मूठ जरा आवळायची, तो बल्ब. त्या दिवशी सेल झाली वर्गातली एक मुलगी. ती शाळेत नवी होती, इंग्रजी तिला अजून तुकड्यातुकड्यांत जमत होतं. बल्ब झाल्या एक आई. दोरी फिरायला लागली आणि थोड्याच वेळात त्या आई ओरडल्या, ‘अरे, हात भाजतोय!’ मुलं हसली. कुणीतरी दाखवून दिलं, की दोरी सगळीकडे एकदमच हलते. बटण दाबल्यावर दिवा लगेच का लागतो, ते त्यातून निघालं.

मी विचारलं, बल्बच्या मुठीत शिरणारी दोरी जास्त की बाहेर येणारी? सगळे म्हणाले, सारखीच. म्हणजे करंट बल्बमध्ये खर्च होत नाही. माझ्या पाठात हा मुक्काम होता.

तेवढ्यात एक मुलगा म्हणाला, ‘मग सेल संपतो कसा?’

प्रश्न चोख होता. दोरी कुठेच कमी होत नाही, मग सेलमधलं काय संपतं? दोन पालकांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, मी हात वर करून त्यांना थांबवलं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात दाखवलं होतं, की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि तीन सेकंद किंवा जास्त थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात, सुधारतात. तीन सेकंद वाचायला सोपे आहेत. वर्गात वीसेक मोठी माणसं आपल्याकडे बघत असताना ते संपता संपत नाहीत. मी त्याहून बराच जास्त वेळ गप्प राहिले. एक बाबा घड्याळाकडे बघायला लागले.

दोरी ओढणारी मुलगी अजून ओढतच होती, तिला कुणी थांब म्हटलं नव्हतं. ती थांबली, हात झटकले आणि म्हणाली, ‘दोरी तेवढीच. पण मी दमले.’

मग बल्ब झालेल्या आईंकडे बोट दाखवून म्हणाली, ‘यांचा हात गरम.’

एक क्षण कुणाला कळलंच नाही. मग प्रश्न विचारणारा मुलगाच उडाला: ‘म्हणजे हिची ताकद त्यांच्या हातात गेली! दोरीने ती नेली!’ विद्युतप्रवाह आणि ऊर्जा यांतला फरक वरच्या वर्गांतही गोंधळात टाकतो. करंट खर्च होत नाही, ऊर्जा एकीकडून दुसरीकडे जाते, हे मी फळ्यावर लिहून अनेकदा शिकवलं आहे. मुलं ते उतरवून घेतात आणि चाचणीत पुन्हा ‘बल्ब करंट वापरतो’ असं लिहितात. इथे ते एका दमलेल्या मुलीच्या हातांतून आलं. मी फळ्यावर तिचीच दोन वाक्यं लिहिली आणि शेजारी ‘ऊर्जा’ हा शब्द. सेलच्या आत ताकद येते कुठून, तर रासायनिक क्रियेतून, हे मी तोंडी सांगून टाकलं. ते दोरीने कळण्यासारखं नव्हतं.

दोरीलाही मर्यादा आहेत, हे मी सांगतेच. दोरी तुटली तरी थोडी हलते, सर्किट तुटलं की सगळंच थांबतं. एका पालकांना हे फार आवडलं, त्यांनी लगेच आणखी चार उणिवा काढल्या. मी म्हटलं, मुलांना काढू द्या.

शेवटी मघाचे गृहस्थ माझ्याकडे आले. ‘टीचर, पुस्तकात हे अर्ध्या पानात आटोपतं. तुम्हाला पूर्ण सकाळ लागली.’ खरं होतं ते. अशा एका सकाळीपायी दुसरे दोन धडे आखडते घ्यावे लागतात, आणि वर्षाच्या अखेरीस त्याचा हिशोब मलाच द्यावा लागतो. पाढे मी आजही घोकून घेते, स्पेलिंग सरळ सांगते. पण जिथे मुलाच्या डोक्यात आधीपासून एक पक्की चुकीची कल्पना ठाण मांडून बसलेली असते, तिथे अर्धं पान पुरत नाही. मी त्यांच्या हातात त्यांचं पहिलं चित्र दिलं. ते घडी घालून खिशात ठेवून गेले.

सगळे गेल्यावर मी मुलांच्या वह्या चाळल्या. बऱ्याच जणांच्या चित्रांत बाण आता पूर्ण गोल फिरत होते. एका मुलीने मात्र बल्बच्या आधी जाड बाण काढला होता आणि नंतर बारीक. खाली लिहिलं होतं: ‘दोरी म्हणजे करंट नाही. मला मोजून दाखवा.’ तिचं म्हणणं रास्त आहे, उपमेने सिद्ध काही होत नाही. मी मोठ्या मुलांच्या प्रयोगशाळेतून दोन मल्टिमीटर मागून घेतले. सोमवारी बल्बच्या दोन्ही बाजूंना एकेक लावणार. आकडे किती येतील, याचा अंदाज तिने आधी वहीत लिहायचा आहे, पेनाने.