दोन हजार मीटरवरचं पाणी वर आणताना

आडात सोडलेला पोहरा तोंड उघडं ठेवूनच खाली जातो आणि तसाच वर येतो. त्यातलं पाणी वरच्या थरातलं की तळातलं, हे सांगता येत नाही. प्यायच्या पाण्याला त्यानं फरक पडत नाही. समुद्रावर मात्र सगळं काम 'हे पाणी नेमकं किती खोलीवरचं' याच प्रश्नावर उभं असतं. म्हणून तिथं निस्किन बाटली वापरतात. ती दोन्ही टोकांना उघडी राहून खाली जाते आणि ठरलेल्या खोलीवर हुकूम दिला की दोन्ही झाकणं एकदम मिटतात. अशा १२ किंवा २४ बाटल्या एका गोल सांगाड्यावर बसवल्या की झालं रोझेट. त्याच्या पोटाशी सीटीडी असतं. ते पाण्याची विद्युतवाहकता, तापमान आणि दाब सेकंदाला २४ वेळा मोजतं. क्षारता वाहकतेवरून काढतात, खोली दाबावरून.

संभाजीनगर, नांदेड, लातूरकडची रसायनशास्त्राची किंवा भूशास्त्राची मुलं आता अशा मोहिमांवर जाऊ लागली, तर त्यांनी ही पद्धत आधीच हातात बसवून घ्यावी. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं 'सिंधु साधना' असो की केंद्राच्या पृथ्वीविज्ञान मंत्रालयाचं 'सागर कन्या', जहाजाचा एकेक दिवस फार महाग असतो. चुकलेला नमुना परत घ्यायला जहाज मागे वळत नाही.

रोझेट पाण्यात सोडण्याआधी प्रत्येक बाटलीच्या तीन गोष्टी हाताने तपासायच्या: वरचा हवेचा स्क्रू घट्ट आहे ना, खालची तोटी बंद आहे ना, आणि झाकणाची दोरी आपल्याच खुंटीला अडकवलीय ना, शेजारच्या बाटलीत गुंतली नाही ना. बाटली मिटली नाही की बहुतेक वेळा दोष दोरीचा निघतो, यंत्राचा नाही. सेन्सरच्या नळ्यांवरची टोपणं काढायची. ब्रिजला, म्हणजे जहाज चालवणाऱ्यांना, कळवायचं, की स्टेशनवर (नमुने घ्यायला थांबलेल्या जागी) असेपर्यंत सांडपाणी सोडू नका. हे सांगायचं राहिलं तर वरच्या थरातले नायट्रेट-फॉस्फेटचे आकडे समुद्राचे राहत नाहीत, जहाजाच्या स्वयंपाकघराचे होतात.

रोझेट पाण्यात गेलं की लगेच खाली धाडायचं नाही. साधारण १० मीटरवर दोन-तीन मिनिटं थांबवायचं. खारं पाणी लागल्यावर पंप सुरू होतो, नळ्यांतली हवा निघून जाते, आकडे स्थिरावतात. मग पृष्ठभागाजवळ आणून तिथून उतरवायला सुरुवात. पहिले १०० मीटर मिनिटाला ३० मीटर, पुढे ६०. रोझेटची तार सोडणाऱ्या-ओढणाऱ्या विंचवाल्याचं लक्ष ताणाच्या काट्यावर हवं. जहाज डोललं आणि तार क्षणभर सैल पडली, की तिला पीळ बसतो. मग तो भाग कापून तार नव्याने जोडेपर्यंत काम बंद. तळाजवळ जायचं असेल तर तळापासूनचं अंतर दाखवणारा अल्टिमीटर बघत १० मीटर वरच थांबायचं. २००० मीटरची एक फेरी सगळे थांबे धरून दीड-दोन तास घेते.

उतरताना सीटीडीचा आलेख बघायचा आणि बाटल्या कुठं मिटवायच्या ते ठरवायचं. मिटवायच्या मात्र वर येताना. प्रत्येक खोलीवर रोझेट थांबवून अर्धा ते एक मिनिट जाऊ द्यायचं, कारण सांगाडा स्वतःबरोबर खालचं पाणी ओढत आणतो. ते निघून गेल्याशिवाय मिटवलेल्या बाटलीत थोडं तळचं पाणी असतं. घाई होते ती इथंच, बहुतेक पहाटे तीनच्या पाळीत.

डेकवर आल्यावर पहिल्यांदा गळती. वरचा स्क्रू न उघडता खालची तोटी उघडून बघा. पाणी वाहत राहिलं तर कुठून तरी हवा आत शिरतेय, म्हणजे बाटली गळकी. तसं नोंदवहीत लिहा. मग बाटलीला तळहात लावा. अरबी समुद्रात वरचं पाणी २८ अंशांच्या आसपास असतं, २००० मीटरवरचं ३ अंशांच्या जवळपास. खोलवरची बाटली थंडगार लागते, अंगावर दव धरते. ती कोमट लागली तर वरच कुठंतरी मिटलीय, संगणक काहीही म्हणो.

आता ऑक्सिजन. तो सगळ्यात आधी घ्यायचा, कारण बाटली उघडली की हवा आत येते. रबरी नळी १२५ मिलिलिटरच्या काचेच्या बाटलीच्या तळाला टेकवायची, बुडबुडे नळीतून चिमटून काढायचे, आणि बाटलीच्या दोन-तीन पट पाणी वरून वाहू द्यायचं. नळी सावकाश काढायची. मँगनीज क्लोराइड १ मिलिलिटर, मग अल्कलाइन आयोडाइड १ मिलिलिटर, दोन्ही पाण्याच्या आत टोक बुडवून. बूच तिरपं धरून बसवायचं, म्हणजे हवा अडकत नाही. जोरात हलवायचं, साका अर्धा खाली बसला की पुन्हा एकदा.

ऑक्सिजन जितका जास्त तितका साका गडद, म्हणून वरच्या पाण्याचा साका गडद तपकिरी होतो. अरबी समुद्रात साधारण १५० ते १००० मीटरच्या पट्ट्यात ऑक्सिजन फार कमी असतो. त्या बाटलीतला साका जवळजवळ पांढरा, ताकातल्या फुटीसारखा दिसतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं रसायन टाकायचं राहिलं, आणि तो परत टाकतो. टाकू नका. याच पट्ट्यात बुडबुड्याची किंमत सगळ्यात मोठी. ज्वारीच्या दाण्याएवढा बुडबुडा पूर्ण विरघळला तर या बाटलीत लिटरमागे सुमारे २ मायक्रोमोल ऑक्सिजन घालतो. वर २०० मायक्रोमोल असताना तो एक टक्का. पट्ट्याच्या गाभ्यात मात्र मूळ आकडा एकाहून खाली असू शकतो. तिथं तुम्ही समुद्र मोजलेलाच नसतो, बुडबुडा मोजलेला असतो.

बाकीचं लवकर आटपतं. पोषकद्रव्यांच्या बाटल्या त्याच पाण्याने तीनदा विसळायच्या, हातमोजे घालायचे, वरती थोडी जागा सोडून उणे २० अंशांवर ठेवायच्या. काठोकाठ भरलेली गोठताना फुटते. क्षारतेच्या बाटलीचं तोंड पुसून कोरडं करायचं, तिथं सुकलेलं मीठ आत पडलं तर आकडा चढतो. क्लोरोफिलसाठी लिटर-दोन लिटर पाणी जीएफ-एफ या काचतंतूंच्या गाळणकागदातून मंद उजेडात, हलक्या ओढीने गाळायचं.

वेळ कायम यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत लिहा. भारतीय वेळेत पहाटे ५:३०च्या आत केलेलं काम यूटीसीत आदल्या तारखेला जातं. एकाने एक वेळ लिहिली, दुसऱ्याने दुसरी, की एकाच फेरीच्या दोन तारखा होतात.

सामानात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी असू द्या. जहाज हलतं तेव्हा रस्सा-भात पोटात ठरत नाही, कोरडं ठरतं.

सराव इथंच करता येतो. पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा, दोन्ही तोंडांवर बसतील असे दोन रबरी चेंडू, आणि त्यांना जोडणारं पाइपाच्या आतून ताणलेलं रबर. चेंडू बाहेर ओढून खिळीला अडकवा, दोरीने खिळ सोडवली की दोन्ही तोंडं मिटतात. खालच्या बाजूला एक तोटी लावा. दोरीवर मीटर-मीटरला गाठ मारा आणि मे महिन्यात उपसा नसलेल्या खोल विहिरीत सोडा. एक नमुना वरचा, एक तळाचा. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, मास्तरांसमोर, हातमोजे आणि चष्मा घालून दोन्हींत ती रसायनं टाका आणि साक्याचे रंग शेजारी ठेवून बघा.