संघनायकाचा गणवेश: शर्ट आणि स्कार्फ पूर्ण, बेरेट आणि पट्टा बाकी

भारत स्काऊट्स आणि गाईड्सच्या स्काऊट गणवेशाचा जो संपूर्ण संच मी संग्रहासाठी जुळवत आहे, त्यातील शर्टाचे काम आता संपले आहे आणि स्कार्फही शिवून झाला आहे. काम हाती घेतानाच मी एक नियम ठरवला होता: हा गणवेश एखाद्या खऱ्या मुलाने एखाद्या खऱ्या दिवशी अंगावर घातलेला असू शकेल असाच झाला पाहिजे. म्हणून तो मुलगा कोण हे आधी निश्चित केले. तृतीय सोपान, म्हणजे स्काऊटच्या प्रगतीची तिसरी पायरी, पूर्ण केलेला, पुढच्या राज्यपुरस्काराच्या तयारीला लागलेला, मुंबईतील एका शाळेच्या पथकातला संघनायक, म्हणजे पथकातील मुलांच्या एका छोट्या गटाचा प्रमुख. यानंतर कोणता बॅज घ्यायचा आणि कोणता नाही हे माझ्या आवडीवर उरले नाही.

हा नियम मला आवश्यक वाटतो, कारण अनेक संग्रहांत प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपानाचे बॅज एकाच बाहीवर एकाखाली एक शिवलेले दिसतात. तिन्ही बॅज अस्सल असतात, पण तसा स्काऊट कधीच नसतो, कारण पुढील सोपानाचा बॅज मिळाला की आधीचा काढून त्याच जागी नवा लावायचा असतो. गणवेश हा त्या मुलाच्या त्या वेळच्या प्रगतीचा दाखला आहे, आणि दाखल्यावर एकच श्रेणी लिहिलेली असते. ही शिस्त चळवळीच्या आरंभापासूनची आहे. १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी जे पहिले शिबिर घेतले, तेथे मुलांना आधी पितळेचे त्रिदल (तीन पाकळ्यांचे स्काऊट) चिन्ह देण्यात आले, आणि ‘तयार राहा’ या अर्थाच्या ब्रीदाची पट्टी चाचण्या उत्तीर्ण झाल्यानंतरच त्याला जोडली गेली. त्या वेळी पूर्ण गणवेश ठरलेला नव्हता, तरीही जे कमावले तेच अंगावर लावायचे हे ठरलेले होते.

मूळ शर्ट गिरगावातील एका कुटुंबाकडून मिळाला. करड्या पोलादी रंगाचा, दोन ठिगळी खिसे आणि खांद्यावर पट्ट्या असलेला अर्ध्या बाहीचा शर्ट. त्याच्या डाव्या बाहीच्या मध्यावर कापडाचा एक गोल भाग आजूबाजूपेक्षा गडद होता, आणि त्याच्या कडेला सुईच्या छिद्रांची एकापेक्षा अधिक वर्तुळे होती. उन्हाने आणि धुण्याने बाकीची बाही फिकी पडली. बॅजखालचे कापड मात्र तसेच राहिले. ज्या जागी बॅज बदलला जातो असे नियम सांगतो, तीच जागा त्या शर्टाने स्वतः दाखवून दिली. तृतीय सोपानाचा बॅज मी नेमका त्या गडद भागावर बसवला आणि छिद्रे बुजवण्याचा प्रयत्न जाणीवपूर्वक केला नाही, कारण जुन्या कापडावरील खुणा हाही संग्रहाचाच भाग आहे असे माझे ठाम मत आहे.

बॅज हातानेच शिवावा, यंत्रावर नाही, हे या कामातून अधिक पटले. यंत्राची टीप घट्ट बसते, पण ती उसवताना जुने कापड फाटण्याची भीती असते; शिवाय बॅजची कड थोडी चुणली तर यंत्र ती चूण तशीच पक्की करते. मी आधी मोठा कच्चा धावदोरा घालून बॅज जागेवर धरतो, शर्ट हँगरवर टांगून लांबून पाहतो, आणि जागा बरोबर वाटली की मगच बॅजच्या काठाच्या रंगाचा दोरा घेऊन बारीक तुरपाई करतो. खिशावरच्या बॅजसाठी खिशाच्या आत जाड पुठ्ठ्याचा तुकडा सरकवावा, म्हणजे सुई मागच्या कापडात शिरत नाही आणि खिसा बंद शिवला जात नाही. खिशात वही-पेन्सिल ठेवता येणे हेही गणवेशाचे कामच आहे.

डाव्या खिशाच्या मध्यावर सदस्यत्वाचा बॅज येतो: हिरव्या पार्श्वभूमीवर पिवळे त्रिदल, त्यावर गाईड्सचे त्रिपर्ण, आणि मध्ये अशोकचक्र. दोन्ही चिन्हे एकत्र असण्याचे कारण संस्थेच्या इतिहासात आहे. ७ नोव्हेंबर १९५० रोजी बॉय स्काऊट्स असोसिएशन आणि हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन एकत्र आल्या, आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी गर्ल गाईड्सची संघटनाही त्यांत सामील झाली. १९५० पूर्वीचा बॅज या खिशावर लावणे त्यामुळे कालविसंगत ठरते. संघनायकाच्या दोन पट्ट्याही याच खिशावर लावल्या आहेत.

उजव्या खिशाच्या मध्यावर जागतिक स्काऊट बॅज. जांभळ्या कापडावर पांढरे चिन्ह, त्याभोवती दोराचे वर्तुळ, आणि वर्तुळाच्या तळाशी रीफ नॉट. बॅज सरळ बसला आहे की नाही हे पाहण्यासाठी मी हीच गाठ खूण म्हणून धरली; गाठीचा मध्य आणि खिशाच्या झाकणाचे बटण एकाच उभ्या रेषेत आले की बॅज सरळ. चिन्हाच्या दोन पाकळ्यांवर पाच टोकांचा एकेक तारा आहे, आणि त्या दहा टोकांतून मूळचे दहा स्काऊट नियम सूचित होतात. आपल्या संस्थेत आज नियम नऊ आहेत, पण जागतिक चिन्हावरचे तारे जसेच्या तसे आहेत, आणि स्वस्तातल्या नकली बॅजवर हेच तारे ठिपक्यांसारखे भरलेले आढळतात. खरेदी करताना सर्वप्रथम ते पाहावेत.

खांद्यांवर, बाहीच्या शिवणीच्या लगेच खाली, दोन्ही बाजूंना पथकाच्या नावाच्या वक्र पट्ट्या आल्या. डाव्या खांद्यावर त्या पट्टीखाली संघाच्या रंगांच्या पट्ट्या आहेत. ब्राउनसीवर बुल, कर्ल्यू, रेव्हन आणि वुल्फ या चार संघांची मुले आपापल्या रंगाच्या फिती खांद्यावर लावत असत. त्याच परंपरेचे हे आजचे रूप आहे. प्रावीण्य बॅज उजव्या बाहीवर. माझ्याकडे ते बरेच असले, तरी या मुलाच्या टप्प्याला शोभतील तेवढेच लावले आहेत. उरलेले अल्बममध्येच राहतील.

स्कार्फवर सर्वांत जास्त विचार करावा लागला. नियमानुसार तो त्रिकोणी असून त्याच्या दोन बाजू व्यक्तीच्या उंचीप्रमाणे ७० ते ८० सेंमी असतात, आणि रंग पथकाचा असतो. पिवळा, हिरवा आणि जांभळा हे रंग मात्र पथकाला घेता येत नाहीत. मी मंगळदास मार्केटमधून गडद तांबडे सुती कापड आणले, ते आधी धुऊन आटवून घेतले, आणि दुमडीसाठी थोडी जागा राखून चौकोन कापला. ८० सेंमीच्या चौकोनाचा कर्ण सुमारे ११३ सेंमी येतो, आणि कर्णावर कापल्यास एका चौकोनातून दोन स्कार्फ निघतात, ही काटकसर पथकांसाठी फार उपयोगाची आहे. अडचण एवढीच की ही लांब बाजू उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरकी, येते. उरेब कापड ओढले की ताणते, आणि ताणून शिवलेली कड पुढे लाटेसारखी वळते. म्हणून दुमड टाचण्यांनी न धरता इस्त्रीने बसवली, आणि कापड हाताने न ओढता आपोआप पुढे सरकू दिले. कड अगदी सरळ बसली आहे. गुंडाळताना लांब बाजूकडून टोकाकडे घट्ट गुंडाळावे आणि पाठीवर त्रिकोण स्पष्ट दिसेल एवढा भाग मोकळा सोडावा.

वॉगल, म्हणजे स्कार्फ गळ्याशी धरून ठेवणारी कडी, पथकाचाच घेतला आहे. चामड्याचा विणलेला गिलवेल वॉगल दिसायला सुंदर असल्यामुळे अनेकजण तो मुलांच्या गणवेशावर बसवतात, परंतु तो वुड बॅज प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्या प्रौढ नेत्यांचा मान आहे. लंडनजवळच्या गिलवेल पार्कमध्ये १९१९ साली सुरू झालेल्या त्या प्रशिक्षणाची ती खूण आहे आणि मुलाच्या गळ्यात ती शोभत नाही.

निळी पँट, काळे मोजे आणि नाडीचे काळे बूट सहज मिळाले.

कमरेच्या पट्ट्याला वेळ लागणार आहे. तो तपकिरी चामड्याचा असून त्याचे बक्कल पितळी आहे, आणि जेथे पितळ चामड्याला टेकते तेथे हिरवट, मेणचट थर साचला आहे. चामड्यातील स्निग्ध द्रव्ये पितळेतील तांब्याशी संयोग पावून तो थर तयार होतो, आणि मुंबईच्या पावसाळी हवेत ही क्रिया अधिकच वेगाने होते. पॉलिशचा खरखरीतपणा बक्कलावरचे उठावाचे काम झिजवतो, म्हणून मी लाकडी काडी आणि कोरडा कापूस एवढ्यावरच भिस्त ठेवली आहे. साफ झाल्यावर बक्कल आणि चामडे यांच्यामध्ये बटर पेपर घालून ठेवीन.

निळी लोकरी बेरेट कोमट पाण्यात भिजवून आकार देण्यासाठी डोक्याच्या मापाच्या साच्यावर चढवली आहे. चामडी कड भुवयांच्या दोन बोटे वर आडवी, बॅज डाव्या डोळ्याच्या वर, आणि उरलेले कापड उजवीकडे दाबून ओढलेले. सध्याच्या दमट हवेत ती पूर्ण वाळण्यास वेळ लागेल, आणि ओली असताना काढल्यास आकार राहत नाही, त्यामुळे टोपीचा बॅज लावण्याचे काम सर्वांत शेवटी येईल.

याच टप्प्यावरील गाईडचा गणवेश पुढे करायचा आहे. त्यासाठी जुना निळा गणवेश, शक्यतो बॅज उसवलेल्या जागांच्या खुणांसह, कोणाकडे असल्यास मला तो पाहायला आवडेल. निदान बाह्यांची आणि खिशांची छायाचित्रे मिळाली तरी मापे घेता येतील.