साडेसहा तोळे

भाग ४१, प्रसंग ७. सुरुवात १२:०८, शेवट १४:३२. खूण : त्याग. उपखूण : दागिने उतरवणं. खात्री : ५ पैकी ५.

ही नोंद माझी आहे, दीड वर्षापूर्वीची. गेल्या महिन्यातल्या एका मंगळवारपर्यंत मला तिच्याबद्दल काडीचीही शंका नव्हती.

आमचं काम सांगितलं की लोक आधी हसतात. मालिका आणि सिनेमे बघायचे आणि त्यांत गोष्ट सांगण्याच्या ठरलेल्या युक्त्या कुठे येतात ते वेळेसकट टिपायचं. माझ्या जाऊबाईंनी भर हळदीकुंकवात विचारलं होतं, "म्हणजे टीव्ही बघायचे पैसे मिळतात?" मिळतात, पण भागामागे ठरलेले, त्यामुळे कोणीच मालिका सरळ वेगाने बघत नाही. दीडपट वेग ठेवायचा. सुनेने "काय?" म्हटलं की नऊ जणांचे चेहरे तीन-तीनदा दाखवतात, तिथे दुप्पट. कॉलेज रोडला एका क्लासच्या डोक्यावर दोन खोल्या, चार माणसं, चार हेडफोन. खालून दिवसभर त्रिकोणमिती ऐकू येते. मालिकेचं नाव करारामुळे लिहिता येत नाही आणि ज्या कंपनीसाठी हे करतो तिचंही नाही.

कंपनीने पाठवलेली खुणांची, म्हणजे या युक्त्यांच्या नावांची, यादी इंग्रजी. तिच्यात परग्रहवासीयांच्या अकरा तऱ्हा होत्या आणि सासूची एकही नव्हती. पहिले सहा महिने आम्ही सासूला "दुष्ट सावत्र आई"त कोंबत होतो. मग भांडून भांडून स्वतःची मराठी पुरवणी मंजूर करून घेतली. तिच्यातली निम्म्याहून जास्त नावं माझी आहेत, आणि हे सांगताना मला अजिबात संकोच वाटत नाही.

खोट्या निरोपाने किंवा कुणाच्या आवाजाची नक्कल करून माणसाला घराबाहेर काढलं की "मारीचहाक". नाशिकमध्ये बसून याला दुसरं नाव कसं द्यायचं? मरताना मारीच रामाच्या आवाजात ओरडला आणि लक्ष्मणाला जावं लागलं, ते इथल्याच पंचवटीत. आजकाल ती हाक बनावट व्हॉट्सअ‍ॅप मेसेजच्या रूपाने येते, पण कारभार तोच. ओळख पटवणारी वस्तू हरवते आणि भलत्याच माणसाच्या हाती लागते, ती "अंगठी-मासा". शकुंतलेची अंगठी माशाच्या पोटात सापडते ही कालिदासाची भर; महाभारतातल्या शकुंतलेकडे अंगठीच नाही. खोलीत चारजण असताना दोघांनीच बोलायचं आणि उरलेल्यांना ते ऐकू येत नाही असं धरायचं, याला इंग्रजी यादीत धड शब्द नव्हता. आपल्याकडे केव्हाचा आहे, "जनान्तिक". संस्कृत नाटकात त्यासाठी तीन बोटं वर धरून हाताचा आडोसा करत. मालिकेत कॅमेरा दोघांच्या जवळ जातो आणि मागची मंडळी मुकाट्याने पोहे खात राहतात.

दुहेरी भूमिकेला आमच्यात "साळुंके" म्हणतात. हे अर्थात यादीत गेलं नाही. त्र्यंबकच्या फाळक्यांनी १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये अण्णा साळुंके यांनाच राम केलं आणि त्यांनाच सीता. त्यामुळे जुळे भाऊ दिसले की आमचे दादा खुर्चीतूनच ओरडतात, "साळुंके आले!" दादांची पूर्वी पंचवटीत व्हिडिओ लायब्ररी होती. दहा हजार कॅसेटी हातून गेल्यात असा त्यांचा दावा आहे. स्मरणशक्ती अचाट, आळसही तसाच.

तर तो मंगळवार. आमच्याकडे नुकतीच एक मुलगी लागली होती, रोज सिन्नरहून एसटीने ये-जा करणारी. तिला सरावासाठी जुन्या नोंदी पडताळायला दिल्या होत्या. डबा खाताना तिने मोबाइल माझ्यासमोर धरला. कंपनीने वटपौर्णिमेसाठी एक चित्रफीत सोडली होती, वेगवेगळ्या मालिकांमधले सहा प्रसंग एकापाठोपाठ, खाली सनईचे सूर. आमच्या खुणांवरूनच यंत्र असे तुकडे उचलतं. तिसरा तुकडा भाग ४१ मधला. नवऱ्याला कर्ज झालंय, वाडा जाणार आहे, सून देवघरासमोर येते, दोन पाटल्या आणि चार बांगड्या काढते, रुमालावर ठेवते. सासूच्या डोळ्यांत पाणी. तंबोरा. पुढचा तुकडा.

"ताई, हे अर्धंच आहे," ती म्हणाली.

"प्रसंग तिथेच संपतो," मी म्हणाले. नोंद न बघता म्हणाले.

"नाही ना. ती बोलते पुढे. आमच्या घरी हा भाग बघताना आई शाबास म्हणून ओरडली होती, म्हणून लक्षात आहे."

मूळ भाग लावला. सरळ वेगाने. १४:३२ ला तंबोरा टिपेला जातो आणि विरतो. १४:३५ ला सून रुमालाची गाठ मारत, मान वर न करता म्हणते, "साडेसहा तोळे भरतात. मामंजी, वहीत लिहून ठेवा." सासरे क्षणभर बघत राहतात, मग चष्मा शोधतात. १४:५१ ला जाहिरात.

तीन सेकंद.

प्रसंग कुठे संपतो यावर आमच्याकडे जितके वाद होतात तितके कशावरच होत नाहीत. नियम असा, की शेवटचं वाक्य किंवा शेवटची हालचाल झाली की शेवट धरायचा. पण दीडपट वेगाने दिवसाला बारा भाग बघणारं माणूस संगीतावर जातं. सूर टिपेला गेला की बोट आपोआप कळीवर पडतं. मीही तसंच केलं होतं. आणि मी म्हणजे राज्य नाट्य स्पर्धेत अकरा वर्षं प्रॉम्प्टिंग केलेली बाई! कालिदास कलामंदिराच्या विंगेत काळोखात पुस्तक धरून उभी राहायचे. नट ओळ विसरला तर द्यायची, एवढंच काम. ओळ गाळायची नाही, हे माझ्या हाडीमाशी खिळलेलं. तीच मी इथे एका बाईची ओळ गाळून बसले होते, आणि तीही तिची त्या भागातली एकमेव कामाची ओळ.

सिन्नरच्या मुलीचे मामा इथे सराफ बाजारात एका पेढीवर वजनकाट्याशी बसतात. दिवाळीच्या सुट्टीत तीही काउंटरला असायची. तिने जे सांगितलं ते मला सुचलंच नसतं. गहाण ठेवायला येणाऱ्या बायकांमध्ये रडणाऱ्या असतात आणि न रडणाऱ्या असतात, पण घरून वजन करून आलेली बाई कोणती ते मामा बघताक्षणी ओळखतात. ती काट्यावरून नजर काढत नाही. गोठ-तोड्यांत लाख भरलेली असते, सोन्याचं वजन वेगळं, दागिन्याचं वेगळं. ज्या बाईला हे ठाऊक असतं ती पावतीवर दोन्ही लिहून मागते. "ही सून तशी आहे," मुलगी म्हणाली. "हिने दिलेत, पण सोडलेले नाहीत."

मला एकदम आठवलं आणि मी दादांना विचारलं, ते दागिने पुढे परत येतात का? दादा डोळे मिटून म्हणाले, "एकशे अठरा. माझ्याकडेच होता." भाग ११८ लावला. नवरा रुमाल घेऊन येतो, सासू ओवाळते, सून पाटल्या हातात घालते. मग एक काढते. तळहातावर ठेवून हात किंचित वरखाली करते. काही बोलत नाही. आत जाऊन सासऱ्यांची वही आणते आणि त्यांच्यासमोर उघडून ठेवते. नवऱ्याचा चेहरा. (इथे मात्र तीनदा दाखवला ते योग्यच होतं.)

पाटल्या बदललेल्या होत्या. सत्त्याहत्तर भाग आधी जे पेरलं होतं ते इथे उगवलं होतं, आणि लिहिणाऱ्याने ते रोजच्या रतीबात इतकं नेटकं केलं होतं की मला त्याला फोन करावासा वाटला. दादांची नोंद काय होती? "दागिने परत, मिलन." त्यापुढे आमच्या तक्त्यात एक रकाना असतो : आधी पेरलेलं आहे का, असल्यास भाग क्रमांक. दादांनी तेव्हा भाग ४१ ची माझी नोंद उघडली होती, तिथे "त्याग, खात्री ५" वाचलं आणि रकाना रिकामा सोडला. "तू पाच दिलेस, मग मी कशाला बघू?" म्हणाले. त्यांचं चुकलंच, पण मला त्यांच्यावर चिडता येईना.

दुपारभर काम बाजूला पडलं. या प्रकाराला नाव काय द्यायचं यावर चौघांचं जुंपलं. दादा म्हणाले "पेरणी" आहे ना यादीत, तीच लावा. पण पेरणी ही लेखकाची असते. पुढे कधीतरी झाडायची म्हणून बंदूक आधीच भिंतीवर टांगतो तो लेखक. इथे बाईनेच, गोष्टीच्या आत राहून, पुढचा विचार करून पेरलं होतं. मी म्हटलं "हिशेबी त्याग". मुलीने नाक मुरडलं. "हिशेबी म्हटलं की ती वाईट वाटते. आणि त्याग तरी कशाला? नवरा बांगड्या विकून आला असता तर त्याला कोणी त्यागमूर्ती म्हटलं असतं का? व्यवहार म्हटलं असतं." तिचं म्हणणं सरळ होतं, "वजन सांगून देणं" असंच लिहा. नाव म्हणून ते मला अगदी ओबडधोबड वाटलं. नाव कसं दोन शब्दांत डोळ्यांसमोर उभं राहायला हवं, मारीचहाकेसारखं. हे मी तिला पंधरा मिनिटं समजावलं आणि ती ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की ताईंना स्वतःची नावं फार आवडतात.

यादीत एक इंग्रजी खूण आहे, "मॅनिक पिक्सी ड्रीम गर्ल". उदास नायकाला जगायला शिकवण्यापुरतीच पडद्यावर असलेली अल्लड मुलगी. नेथन राबिन नावाच्या अमेरिकी समीक्षकाने २००७ मध्ये एका सिनेमावर लिहिताना हे नाव काढलं. ते इतकं चिकटलं की जरा हसरी, जरा विक्षिप्त मुलगी दिसली की लोक तेच म्हणू लागले. शेवटी २०१४ मध्ये राबिनने स्वतःच ते नाव काढल्याबद्दल जाहीर माफी मागितली. हे मी पूर्वी वाचलं होतं, नव्या मुलांना शिकवताना गंमत म्हणून सांगायचेही. त्या दुपारी आठवलं तेव्हा गंमत वाटली नाही. "त्याग" हे नाव मी काढलेलं नाही, पण ते हाताशी तयार होतं म्हणूनच मी १४:३२ ला थांबले. पाटली हातातून निघताना दिसली आणि माझ्या लेखी प्रसंग संपला.

संध्याकाळी कंपनीला दुरुस्ती पाठवली : शेवट १४:५१, खूण बदलावी, भाग ११८ शी जोडावं, चित्रफीत मागे घ्यावी किंवा निदान तिसरा तुकडा बदलावा. दोन दिवसांनी उत्तर आलं. तपासणीला बसवलेल्या त्या गृहस्थांनी भाग बघितला असेल असं मला वाटत नाही. वेळ दुरुस्त केली आहे. खुणेबाबत, "त्याग" योग्य आहे, कारण दागिने दिले गेले आहेत. नवीन नावाचा विचार यादीच्या पुढच्या आवृत्तीत होईल. चित्रफीत चांगली चालली आहे. खाली हसरा चेहरा.

मुलीने उत्तर वाचलं आणि म्हणाली, "ताई, सहाच्या गाडीला निघते." त्यावर तिला काही बोलावंसं वाटलं नाही, आणि मला सुचलं नाही.

तेव्हापासून मी घरी, रात्री, पैसे न मिळणारं एक काम करतेय. "त्याग" खुणेच्या माझ्या सगळ्या नोंदी काढल्यात. तीनशे बारा आहेत. रोज दोन-तीन, मूळ भाग, सरळ वेगाने, संगीत विरल्यावरही थांबायचं, जाहिरात लागेपर्यंत. पहिल्या सोळांपैकी चौदा खरोखरच त्याग आहेत. रडणं, तंबोरा, पुढे काही नाही. दोन बदलाव्या लागल्या.

सतरावी अडलीय. बाई कानातली कुडी काढून दिराच्या हातावर ठेवते, तो पाया पडून जातो, तंबोरा विरतो, आणि दार लावण्याआधी ती एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघते. तो भाग मी चार वेळा बघितला. पुढच्या तीस भागांत त्या घड्याळाचा कुठे उल्लेख नाही. नटीने सहज बघितलं असेल, चित्रीकरणाची वेळ संपत आली असेल. काल मी मुलीला विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही आणखी पुढे बघा ना."

एकूण सातशे भाग आहेत.