मागील पान नसलेले पान

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी बारा ते पाच या वेळेत माणसाने घराबाहेर पडू नये, हा अलिखित नियम नागपुरातल्या इतर घरांप्रमाणे आमच्याही घरात कसोशीने पाळला जातो. कूलरमध्ये पाणी भरून, खिडक्यांचे पडदे ओढून आणि माठ हाताशी ठेवून ही पाच तासांची नजरकैद सुसह्य करायची असते. अशाच एका दुपारी मी वहिनींच्या डब्यांच्या हिशेबाचा प्रोग्राम लिहायला बसलो. शिकवणीसाठी बाहेरगावाहून येऊन राहिलेल्या मुलांना वहिनी दोन वेळचे डबे देतात. कोणाचा कोणत्या दिवशी खाडा झाला, कोणी आगाऊ पैसे दिले, कोणाला भाताऐवजी दोन पोळ्या जास्त हव्यात, हे सारे त्या स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेच्या चौकटींत बारीक अक्षरात लिहितात आणि महिनाअखेरीस बाबा त्याची बेरीज करून देतात. बाबांचा मोतीबिंदू आता बराच वाढला आहे आणि मागच्या महिन्यात एका मुलाचे तीन खाडे त्यांच्या नजरेतून सुटले, तेव्हा हे काम संगणकाकडे सोपवावे असे घरात ठरले.

प्रोग्रामची एकही ओळ लिहिण्याआधी मी एक रिकामे फोल्डर तयार केले, त्याला ‘डबा’ असे नाव दिले आणि त्यात ‘गिट इनिट’ ही आज्ञा दिली. रिकामे भांडार, म्हणजे नोंदी साठवायची जागा, तयार झाल्याचे एका ओळीत कळवून पडदा पुन्हा शांत झाला. आरामखुर्चीत डोळे मिटून पडलेल्या बाबांनी विचारले, “झालं का सुरू?” मी म्हणालो, “सुरू नाही, आधी वही घातली.” या उत्तराने त्यांचे डोळे उघडले, कारण बाबांचे सारे आयुष्य वह्यांत गेले आहे. इतवारीतल्या एका घाऊक कापडाच्या पेढीवर त्यांनी छत्तीस वर्षे दिवाणजी म्हणून काम केले आणि रोजकीर्द, खतावणी, जमा, नावे हे शब्द आमच्या घरात मीठ-मिरचीइतक्या सहजपणे वावरत आले.

प्रोग्राममध्ये केलेला प्रत्येक बदल कोणी केला, केव्हा केला आणि कशासाठी केला, याची तारीखवार नोंद ठेवणारी व्यवस्था म्हणजे गिट. माझ्या पिढीचे प्रोग्रामर ती दिवसातून वीस वेळा वापरतात, परंतु नव्या प्रकल्पाची वही घालण्याची वेळ वर्षातून फार तर चार-दोन वेळाच येते. बहुधा आपण कोणीतरी आधीच सुरू केलेल्या कामात मध्येच दाखल होतो आणि मागच्यांच्या हजारो नोंदींवर आपल्या नोंदी चढवत राहतो. त्यामुळे कोरे फोल्डर समोर आले की मला थोडे अवघडल्यासारखे होते आणि मग मी हात चालवण्याऐवजी आत डोकावून पाहू लागतो.

त्या आज्ञेने फोल्डरमध्ये एक लपलेले उपफोल्डर तयार होते. नावाच्या आरंभी टिंब असल्यामुळे ते एरवी दिसत नाही. त्यात वस्तू ठेवायची जागा असते, पण वस्तू नसतात. शाखांच्या, म्हणजे एकाच कामाच्या समांतर चालणाऱ्या वाटांच्या, खुणा ठेवायची जागा असते, पण खुणा नसतात. वर्णनाची एक फाईल असते आणि तिच्यात ‘या भांडाराला नाव नाही, ही फाईल बदलून नाव द्या’ अशा अर्थाचे वाक्य आधीच लिहिलेले असते. माझ्या ओळखीत ते वाक्य आजवर कोणी बदललेले नाही. सगळ्यांत गमतीची फाईल म्हणजे ‘हेड’. सध्या आपण कोणत्या शाखेवर उभे आहोत, हे सांगणारी एकच ओळ तिच्यात असते आणि नव्या भांडारात ती ओळ ज्या शाखेकडे बोट दाखवते ती शाखा अजून अस्तित्वातच आलेली नसते. गिटच्या परिभाषेत तिला ‘अनबॉर्न’, म्हणजे न जन्मलेली शाखा, असेच म्हणतात. नाव ठरले आहे, पाळणा टांगला आहे आणि बाळ यायचे आहे, अशी ती अवस्था असते. हे नावही पूर्वी सर्रास ‘मास्टर’ असे; मालक आणि गुलाम यांची आठवण करून देणारा शब्द नको, अशी चर्चा २०२० साली जोरात झाली, त्या वर्षीच्या जुलैमधल्या गिटच्या आवृत्तीत हे नाव आपल्या पसंतीने ठरवण्याची सोय आली आणि ऑक्टोबरपासून गिटहब या भांडारे ठेवायच्या संकेतस्थळावरच्या नव्या भांडारांत ‘मेन’ हे नाव रूढ झाले. मीही ‘मेन’च ठेवले.

मी नोकरीला लागलो तेव्हा हा थाट नव्हता. तेव्हा आमच्याकडे सबव्हर्जन ही गिटच्या आधीची नोंदव्यवस्था वापरत असत आणि सारी भांडारे एका सर्व्हरवर असल्यामुळे नवे भांडार हवे असेल तर सर्व्हर सांभाळणाऱ्याला अर्ज करावा लागे. दोन दिवसांनी भांडार मिळे. मग त्यात ट्रंक, ब्रँचेस आणि टॅग्ज असे तीन कप्पे करून कामाला लागायचे. त्या व्यवस्थेत नोंदींना एक, दोन, तीन असे सरळ क्रमांक मिळत आणि नव्या भांडाराची मोजणी शून्यापासून होई. शून्य क्रमांकावर काहीच नसे. बाबांना मी हे सांगितले तेव्हा त्यांना ती पद्धत फार पटली. “पानावर नंबर पाहिजेच,” ते म्हणाले, “नाही तर मधलं पान कोणी फाडलं तर कळणार कसं?”

या प्रश्नाचे गिटने दिलेले उत्तर मला स्वतःला फार आवडते, पण ते सांगण्याआधी मला एक काम उरकायचे होते. वहीत काय लिहायचे यापेक्षा काय लिहायचे नाही, हे आधी ठरवावे लागते आणि ते ठरवण्यासाठी ‘गिटइग्नोर’ नावाची फाईल असते. तिच्यात ज्या फाईलींची नावे किंवा नमुने लिहावेत, त्यांच्याकडे गिट काणाडोळा करते. ही फाईल पहिल्या नोंदीच्या आधी लिहायची, हा धडा मी गायत्रीनगरच्या आयटी पार्कमधल्या एका कार्यालयात शिकलो. नव्या प्रकल्पाची मांडणी माझ्याकडे होती, संध्याकाळची वेळ होती आणि घरी जायची घाई होती, म्हणून मी फोल्डरमधले सारे काही एका दमात नोंदीसाठी उचलले, पहिली नोंद केली आणि ती सर्व्हरवर ढकलून दिली. त्यात बाहेरून आणलेल्या लायब्ररींच्या, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार प्रोग्रामांच्या, हजारो बारीकसारीक फाईली गेल्याच, पण डेटाबेसचा पासवर्ड लिहिलेली फाईलही गेली. आठवड्याने ते लक्षात आल्यावर मी ती फाईल काढून टाकली, तिचे नाव गिटइग्नोरमध्ये घातले, ‘अनावश्यक फाईल काढली’ अशी सोज्वळ नोंद केली आणि सुटलो असे समजलो. सुटलो नव्हतो, कारण आजच्या पानावरून वस्तू काढली तरी पहिल्या पानावर ती तशीच राहते आणि ज्याच्याकडे वही आहे त्याला ते पान केव्हाही उघडता येते. शेवटी आधी पासवर्ड बदलला, मग पहिल्या नोंदीपासूनचा सगळा इतिहास त्या फाईलीशिवाय नव्याने लिहून काढला आणि गटातल्या अकरा जणांना आपापल्या प्रती टाकून नव्या घ्यायला सांगितले. अकरांपैकी एकाने जुन्याच प्रतीवर काम चालू ठेवले आणि ती फाईल पुन्हा आत आणली, हा त्या प्रकरणाचा उत्तरार्ध होता.

तेव्हापासून मी ही फाईल देवासमोर दिवा लावावा तशी सर्वांत आधी लिहितो. वहिनींच्या प्रोग्रामच्या बाबतीत तर तिची गरज जास्तच होती, कारण मुलांची नावे, फोन नंबर आणि कोणाकडे किती थकबाकी आहे, ही माहिती नोंदींमध्ये जाता कामा नये. प्रोग्राम वहीत जावा आणि प्रोग्राम ज्याची मोजदाद करतो ते बाहेर राहावे, ही सीमारेषा आखून झाल्यावर मी खाड्यांच्या माहितीसाठी एक रिकामे फोल्डर केले. गिटच्या लेखी रिकाम्या फोल्डरला अस्तित्व नाही. ते फाईलींची नोंद ठेवते, जागेची नाही. म्हणून लोक अशा फोल्डरमध्ये ‘गिटकीप’ नावाची रिकामी फाईल ठेवतात. या नावाला गिटमध्ये काहीही अर्थ नाही. बसमध्ये जागा धरण्यासाठी टाकलेल्या रुमालाला जितका अर्थ असतो तितकाच त्याला आहे आणि दोन्ही सारखेच उपयोगी पडतात.

आता बाबांच्या प्रश्नाकडे वळायला हरकत नव्हती. गिटमधल्या नोंदीला क्रमांक नसतो. तिला ४० चिन्हांचे एक नाव असते आणि ते नाव नोंदीतल्या मजकुरावरूनच गणिताने काढलेले असते. फाईलींची स्थिती, लिहिणाऱ्याचे नाव, वेळ, संदेश आणि त्याबरोबर आधीच्या नोंदीचे ४० चिन्हांचे नाव, हे सारे त्या गणितात धरले जाते. त्यामुळे मागच्या एखाद्या नोंदीत कोणी एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी तिचे नाव बदलते, तिच्यानंतरच्या नोंदीचे बदलते आणि असे करत शेवटच्या नोंदीपर्यंत सगळ्यांची नावे बदलतात. हे मी शक्य तितक्या साध्या शब्दांत सांगितले. बाबा थोडा वेळ कूलरच्या घरघरीत गप्प राहिले आणि म्हणाले, “म्हणजे ‘मागील पानावरून’.”

रोजकीर्दीच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर ते ही ओळ लिहीत असत: ‘मागील पानावरून’ आणि पुढे रक्कम. मधल्या पानावरचा एक आकडा कोणी बदलला, तर पुढच्या सगळ्या पानांच्या माथ्यावरच्या रकमा खोट्या ठरत. वर्षानुवर्षे मी ज्या गोष्टीला संगणकशास्त्राची करामत समजत होतो, ती बाबांनी तीन शब्दांत इतवारीच्या गादीवर आणून बसवली. चुकलेल्या नोंदीचे ते काय करत असत, हेही मी विचारले. रबर, ब्लेड, पांढरी शाई यांपैकी कशालाही पेढीवर थारा नव्हता. चुकीची नोंद तशीच ठेवून तिची उलट नोंद करायची आणि मग बरोबर नोंद लिहायची. गिटमध्येही ‘रिव्हर्ट’ ही आज्ञा नेमके हेच करते. मात्र आमच्याकडे जुन्या नोंदी पुन्हा नव्याने रचण्याचीही सोय आहे आणि इतिहास नीटनेटका दिसावा म्हणून आम्ही ती राजरोस वापरतो, हे कबूल करताना मला जरा शरमल्यासारखे झाले. “म्हणजे आख्खी वहीच नव्याने लिहिता?” बाबांनी विचारले. “आणि कोणी काही म्हणत नाही?” मी म्हणालो की दुसऱ्याला दाखवण्याआधी लिहिली तर म्हणत नाहीत. हे उत्तर त्यांना पटले असे मला वाटत नाही.

मग माझ्या मनात आले की पेढीच्या नव्या वर्षाच्या वहीवरही ती ओळ असणारच. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला लाल कापडी बांधणीच्या वह्यांची पूजा होई, पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक निघे, एकाखाली दोन, दोनाखाली तीन असा ‘श्री’चा मनोरा रचला जाई, पण हिशेबाची पहिली ओळ जुन्या वहीतली शिल्लक आणण्याचीच असे. बाबांनी यावर मान हलवली. छत्तीस वर्षांत त्यांनी माथा कोरा असलेले पान एकदाच लिहिले, शेठजींच्या धाकट्या मुलाने वेगळे दुकान काढले तेव्हा. मागे काहीच नव्हते. फक्त भांडवल जमा होते. गिटमधल्या पहिल्या नोंदीचेही असेच आहे. बाकी प्रत्येक नोंदीला एक तरी आई-बाप असतो, हिला नसतो, म्हणून गिट तिच्यापुढे कंसात ‘रूट’ असा शेरा मारते.

गिटचा स्वतःचा इतिहासही गिटमध्येच आहे आणि त्याचे माथा कोरा असलेले पान आजही कोणालाही उघडून पाहता येते. लिनक्स या संगणकप्रणालीच्या कामासाठी वापरली जाणारी बिटकीपर ही नोंदव्यवस्था फुकट मिळणे २००५ साली बंद झाले, तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात स्वतःची व्यवस्था लिहायला घेतली आणि ७ एप्रिलला तिची पहिली नोंद तिच्यातच केली. त्या नोंदीच्या संदेशात त्यांनी आपल्या निर्मितीला ‘नरकातला माहितीचा कारभारी’ अशा अर्थाचे विशेषण लावले आहे. ‘श्री’च्या मनोऱ्याच्या तुलनेत हा आरंभ अगदीच वेगळ्या संप्रदायाचा म्हणावा लागेल.

वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा मी दूरच्या सर्व्हरवर प्रत ठेवण्याची तयारी करत होतो. दूरच्या प्रतीला गिटमध्ये ‘ओरिजिन’, म्हणजे मूळ, असे नाव देण्याचा प्रघात आहे. दुसऱ्याकडून काम उतरवून घेताना ते नाव शोभते. पण इथे मूळ माझ्या टेबलावर होते आणि नक्कल ‘मूळ’ म्हणून मिरवणार होती. वहिनींची शंका अधिक व्यवहारी होती. “भाऊजी, माझ्या डब्यांचा हिशेब तुम्ही अमेरिकेत नेऊन ठेवता की काय?” हिशेब नाही, फक्त हिशेब करायची रीत, तीही कुलुपात, असे मी समजावले. त्यांनी माझ्याकडे आणि मग बाबांकडे पाहिले.

आता पहिली नोंद करायची होती. संगणक नवा असल्यामुळे गिटने काम अडवून आधी ‘तुम्ही कोण ते सांगा’ असे बजावले. मी माझे नाव आणि ईमेल पत्ता दिला. राहिला होता संदेश. जगभर या जागी ‘इनिशियल कमिट’, म्हणजे पहिली नोंद, असे लिहितात, मीही आजवर शंभर वेळा ते लिहिले असेल आणि त्यातून कोणाला काही कळत नाही. मी बाबांना विचारले. ते खुर्चीत सावरून बसले, जणू टाक दौतीत बुडवायचा होता, आणि म्हणाले, “श्री लिही. मग कोणाची वही आहे ते लिही.” मी देवनागरीत ‘श्री. वहिनींच्या डब्यांची वही’ असे लिहिले. गिटने निमूटपणे ते घेतले आणि रूटच्या शेऱ्यासह नावाची पहिली सात चिन्हे दाखवली.

तेवढ्यात आत फोन वाजला. “उद्या दोघांचा खाडा आहे,” वहिनींनी स्वयंपाकघरातून सांगितले. मी संगणकाकडे पाहिले. वही होती, पण खाडा लिहून घेणारी एकही ओळ अजून झालेली नव्हती. बाबा उठले, भिंतीपाशी गेले आणि दिनदर्शिकेच्या अगदी जवळ डोळे नेऊन त्यांनी बुधवारच्या चौकटीत दोन फुल्या मारल्या.